जिमी डूलिटल : काही न दिसता विमान उतरवायला शिकलेला माणूस



जिमी डूलिटल हे नाव आपल्याकडे ज्यांनी ऐकलंय, त्यांनी ते बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या संदर्भात ऐकलेलं असतं. पर्ल हार्बरनंतर चार-साडेचार महिन्यांत टोकियोवर बॉम्ब टाकून आलेल्या अमेरिकन वैमानिकांचे ते प्रमुख. सिनेमातही त्यांचं हेच रूप दिसतं. पण शिकवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट त्याच्या बारा-तेरा वर्षं आधी घडली, आणि ती जेमतेम पंधरा मिनिटांची होती. बाहेरचं काहीही दिसत नसताना, फक्त समोरच्या तबकड्यांकडे बघत त्यांनी विमान उडवलं, वळवलं आणि परत जमिनीवर उतरवलं. एका माणसाच्या डोक्याला एका वेळी इतक्या गोष्टी सांभाळता येतात का, असा तो प्रश्न होता. तो त्यांनी कसा सोडवला, हे आपल्या वर्गातल्या कामाच्या फार जवळचं आहे, म्हणून आज त्यांच्याविषयी.

जेम्स हॅरॉल्ड डूलिटल यांचा जन्म १४ डिसेंबर १८९६ रोजी कॅलिफोर्नियातल्या अलामेडा या गावी झाला. वडील सुतारकाम करायचे. अलास्कात सोनं सापडल्याच्या बातम्या आल्या तसे ते तिकडे निघाले, आणि मागोमाग बायको आणि लहानगा जिमीही नोम या गावी जाऊन पोचले. थंडी, चिखल आणि सोन्यासाठी आलेली आडदांड माणसं, असं ते गाव. जिमी वर्गात सगळ्यात बुटका. (मोठेपणीही त्यांची उंची सव्वापाच फुटांच्या आसपासच राहिली.) बुटक्या मुलाला जे भोगावं लागतं ते त्यालाही भोगावं लागलं, आणि तो मारामाऱ्या करायला शिकला.

पुढे आईबरोबर तो लॉस एंजेलिसला आला. तिथे १९१० साली विमानांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, ते त्याने पाहिलं. त्यानंतर एका मासिकातला लेख वाचून पोराने घरीच ग्लायडर बनवलं आणि टेकाडावरून उडी मारली. ग्लायडर मोडलं, जिमी वाचला.

मारामाऱ्या मात्र चालूच होत्या. त्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे एक शिक्षक बॉक्सिंगही शिकवायचे. त्यांनी या पोराला भांडताना पाहिलं आणि शिक्षा करण्याऐवजी बॉक्सिंग शिकवायला घेतलं. त्यांनी त्याला एक गोष्ट पक्की समजावली: चिडलास की डोकं बाजूला पडतं आणि शरीर आपल्या मनाने हात चालवायला लागतं, आणि असा माणूस आज ना उद्या मार खातोच. मला हा प्रसंग त्यांच्या चरित्रात फार महत्त्वाचा वाटतो. शरीर ओरडून काहीतरी सांगत असताना त्याचं न ऐकणं, हेच पुढे धुक्यात त्यांच्या कामाला येणार होतं. त्या सरांना अर्थातच याची कल्पना असणं शक्य नव्हतं.

बर्कलीला खाणकामाच्या इंजिनिअरिंगचं शिक्षण चालू असताना अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि १९१७ साली डूलिटल सैन्याच्या उड्डाण विभागात दाखल झाले. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी शाळेतली मैत्रीण जोसेफिन हिच्याशी लग्न झालं. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी, त्यांचं विमान जमिनीवरून उठायच्या आत, डोक्यावर दोन विमानांची टक्कर झाली आणि एक शिकाऊ पायलट मेला. डूलिटल आणि त्यांचे शिक्षक धावत मदतीला गेले, जखमींना बाहेर काढलं, आणि परत येऊन ठरलेला धडा उडवला. सात तास आणि चार मिनिटांच्या शिकवणीनंतर त्यांनी एकट्याने विमान उडवलं. ते चांगले उडवतात म्हणून सैन्याने त्यांना युद्धावर न पाठवता मायदेशी शिक्षक म्हणून ठेवून घेतलं. युद्ध हुकल्याची खंत त्यांना बरीच वर्षं होती.

त्या काळातले डूलिटल म्हणजे निव्वळ धडाडी. विमान उतरत असताना चाकांमधल्या दांड्यावर बसून दाखवतो अशी पैज त्यांनी लावली आणि जिंकलीसुद्धा. नेमकं त्याचं चित्रीकरण झालेलं, ते वरिष्ठांनी पाहिलं आणि काही काळ उड्डाणबंदी झाली. असा हा माणूस पुढे जाऊन जगातला अत्यंत सावध प्रयोगकर्ता होईल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता.

बदलाची सुरुवात १९२२ साली झाली. एका दिवसाच्या आत अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या प्रयत्नात फ्लोरिडाच्या वाळूत चाक रुतून विमान समुद्राच्या पाण्यात उलटलं. ४ सप्टेंबरला दुसरा प्रयत्न केला. वाटेत टेक्सासमध्ये एकदाच इंधन भरून सॅन दिएगोपर्यंतचे सुमारे २१६० मैल त्यांनी २१ तास १९ मिनिटांत पार केले. रात्री वाटेत वादळ लागलं. काळोख, वीज, पाऊस. या विमानात एक नवीन उपकरण बसवलेलं होतं, टर्न अँड बँक इंडिकेटर. विमान वळतंय का, आणि वळताना घसरतंय का, एवढंच ते सांगायचं. त्या काळोखात आपण सरळ जातोय की नाही हे कळण्यासाठी त्याच एका काट्याचा आधार मिळाला. नाहीतर काय झालं असतं हे सांगता येत नाही, हे डूलिटल यांच्या मनात पक्कं बसलं.

त्यानंतर ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकायला गेले. वर्गात घेतलेली टिपणं जोसेफिन रात्री बसून टाइप करायच्या. १९२४ साली मास्टर्स, आणि १९२५ साली विमानशास्त्रातली डॉक्टरेट. डॉक्टरेटचा विषय वाऱ्याचा विमानावर होणारा परिणाम हा होता. पायलट लोकांना विचारलं तर कुणी छातीठोक सांगायचं की डोळे मिटूनही आपल्याला वारा कुठून येतोय ते कळतं, कुणी म्हणायचं नाही कळत. डूलिटल यांनी गणित आणि प्रत्यक्ष उड्डाणं दोन्ही करून दाखवून दिलं की जमीन किंवा क्षितिज दिसत नसेल तर पायलटला वाऱ्याबद्दल काहीही कळत नाही. अनुभवी माणसं ज्याला 'अंगातलं ज्ञान' म्हणत होती, ते खरं तर डोळ्यांतलं होतं.

इथे थोडं शरीरशास्त्र. आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, आणि त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की तो द्रव मागे राहतो आणि आपल्याला वळल्याचं कळतं. पण वळण सावकाश सुरू झालं, किंवा एकाच वेगाने चालू राहिलं, तर थोड्या वेळात द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो. मग मेंदूला वाटतं, आपण सरळ चाललोय. आता पायलटने विमान खरोखर सरळ केलं तर त्याला वाटणार, आपण उलट बाजूला वळतोय. ते 'दुरुस्त' करायला तो पुन्हा मूळ वळणात शिरतो. विमान उंची गमावत जातं, तो काठी मागे ओढतो, वळण आणखी घट्ट होतं, आणि गिरक्या घेत विमान जमिनीवर आदळतं. ढगात शिरलेले कितीतरी चांगले पायलट असे गेले. टपाल नेणाऱ्या विमानांचे पायलट तर त्यात फार होते.

याच सुमारास, १९२६ साली, सॅन फ्रान्सिस्कोजवळ विल्यम ऑकर नावाच्या लष्करी वैमानिकाला डॉ. डेव्हिड मायर्स यांनी डोळे बंद करून फिरत्या खुर्चीत बसवलं आणि कुठल्या बाजूला फिरतोयस असं विचारलं. इतका अनुभवी माणूस, पण उत्तरं चुकली. ऑकर यांनी मग एका खोक्यात टर्न इंडिकेटर आणि दिवा बसवला, खोक्यात डोकावत पुन्हा खुर्चीत बसले, आणि या वेळी सगळी उत्तरं बरोबर आली. आपल्या मुलांना जत्रेतल्या चक्रीतून उतरल्यावर जे होतं, तेच हे. फरक इतकाच की चक्रीतून उतरल्यावर जमीन पायाखाली असते.

म्हणजे शरीराचं ऐकायचं नाही, उपकरणांचं ऐकायचं. हे एकदा मान्य केलं तरी खरी अडचण पुढेच होती. उपकरणं एक नव्हे, अनेक. वेग सांगणारं वेगळं, उंची सांगणारं वेगळं, दिशा सांगणारं होकायंत्र वेगळं, आणि ते वळताना डोलत राहणार. प्रत्येक काटा विमानाच्या स्थितीचा एकेक तुकडा सांगतो. विमानाचं नाक वर आहे की खाली, हे कुठलाच काटा थेट सांगत नव्हता. वेग कमी होतोय, उंची वाढतेय, म्हणजे नाक वर असणार, असा हिशोब पायलटने मनातल्या मनात करायचा. तोपर्यंत दिशा बदललेली. दिशा सुधारेपर्यंत उंची गेलेली. शिकाऊ माणूस एका काट्याला चिकटून बसतो आणि बाकीचे हातातून सुटतात. वर पोटात ढवळतंय, कान खोटं सांगतोय, आणि चुकलं तर मरण.

आपल्या वर्गातही हे चित्र रोज दिसतं. शब्द एकेक अक्षर जुळवत वाचणारं मूल वाक्याच्या शेवटाला येतं तेव्हा सुरुवात विसरलेलं असतं. वजाबाकीत हातचा लक्षात ठेवायचा, पाढा आठवायचा आणि गणितात विचारलंय काय तेही सांभाळायचं, म्हटलं की हुशार मुलगीसुद्धा अडखळते. आपण पटकन म्हणतो, लक्ष नाही. ऑस्ट्रेलियातले शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ साली या भाराबद्दलचा आपला सिद्धांत मांडला आणि आज बी.एड.च्या पुस्तकांतही तो भेटतो. डूलिटल यांच्यापुढे तसा कुठलाच सिद्धांत नव्हता. त्यांच्यापुढे होतं धुकं.

१९२६ साली डॅनियल गुगेनहाइम या उद्योगपतींनी विमानविद्येच्या प्रगतीसाठी पंचवीस लाख डॉलरचा निधी दिला होता. त्यांचे चिरंजीव हॅरी तो निधी सांभाळत. धुक्यात उड्डाण हा प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि १९२८ साली न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर एक प्रयोगशाळा उघडली. प्रमुख म्हणून सैन्याकडून डूलिटल यांना मागून घेतलं. उडवणारे आणि शिकलेले, दोन्ही असणारे तेव्हा फार थोडे होते. दोन विमानं मिळाली. त्यातलं 'एनवाय-२' हे साधं, दणकट, दोन कॉकपिटचं शिकवणीचं विमान. सोबतीला लेफ्टनंट बेंजामिन केल्सी हे तरुण पायलट आले.

काम किती गरजेचं आहे हे डूलिटल यांना स्वतःच्या जिवावर कळलं. १९२९ च्या सुरुवातीच्या महिन्यांत बफेलोहून ते रात्री दुसऱ्या विमानाने परतत होते. न्यूयॉर्क परिसर धुक्याने भरलेला. एकामागून एक उतरायच्या जागा बंद मिळत गेल्या, इंधन संपत आलं. शेवटी न्यू जर्सीत धुक्याच्या एका फटीतून दिसलेल्या जागी त्यांनी विमान खाली घातलं, पंख झाडाला अडकवून वेग मारला आणि मोडक्या विमानातून स्वतः चालत बाहेर आले. विमान हवेत सरळ ठेवायला ते शिकलेले होते. पण खाली कसं यायचं?

त्यांनी काय केलं? पहिलं म्हणजे, पायलटच्या डोक्यातला हिशोब त्यांनी उपकरणाकडे सोपवला. क्षितिज आणि दिशा दाखवणाऱ्या उपकरणाची कल्पना घेऊन ते एल्मर स्पेरी यांच्याकडे गेले. जायरोस्कोपमधले ते दादा माणूस. डूलिटल यांच्या डोक्यात दोन्ही एकत्र दाखवणारी एकच तबकडी होती, पण स्पेरी यांनी दोन वेगळी उपकरणं करणं सोपं जाईल असा सल्ला दिला, आणि त्यांच्या मुलाने, धाकट्या एल्मर यांनी, ती विकसित केली. एक म्हणजे कृत्रिम क्षितिज, म्हणजे आर्टिफिशियल होरायझन. यात एक छोटं विमान आणि एक आडवी रेघ दिसते. रेघ कलली की विमान कललं, रेघ खाली गेली की नाक वर. तीन काट्यांवरून मनात जुळवावं लागणारं चित्र एका नजरेत समोर आलं. दुसरं, डोलत न राहणारं दिशादर्शक जायरो. उंचीसाठी पॉल कोल्समन या जर्मनीहून आलेल्या इंजिनिअरने नवीन अल्टिमीटर बनवला. जुने पन्नास-शंभर फुटांनी चुकायचे, हा काही फुटांपर्यंत अचूक होता. उतरताना पन्नास फुटांची चूक म्हणजे काय, ते सांगायला नको.

मैदानाची वाट सापडायला रेडिओ होता. त्याचं चिन्ह कॉकपिटमध्ये थरथरणाऱ्या दोन पट्ट्यांवर दिसायचं. दोन्ही सारख्या लांब दिसल्या की विमान वाटेवर, एक लांबली की विमान बाजूला सरकलं. बरोबर रेडिओच्या डोक्यावर आलं की दोन्ही थरथर थांबायची. इथेही वाचून अर्थ लावण्याची भानगड नाही, बघितलं की कळलं.

दुसरी गोष्ट मांडणीची. सगळी उपकरणं आहेत, पण कोपऱ्याकोपऱ्यांत विखुरलेली असतील तर नजर भटकते, थकवा येतो आणि वाचणं व हात हलणं यांतला उशीर वाढत जातो. डूलिटल यांचा आग्रह होता की एकत्र बघायच्या गोष्टी एकत्र, नजरेच्या टप्प्यात असाव्यात. फळ्यावर एका कोपऱ्यात आकृती आणि दुसऱ्या कोपऱ्यात तिची नावं लिहिणाऱ्या आपल्या मंडळींनी (यात बरीच पाठ्यपुस्तकंही आली) हे जरूर मनावर घ्यावं.

तिसरी मला सगळ्यात आवडते. विमान उतरवताना पायलट शेवटच्या क्षणी नाक किंचित उचलतो म्हणजे चाकं हळुवार टेकतात. त्यासाठी जमीन किती खाली आहे याचा डोळ्यांनी अंदाज लागतो, नेमका क्षण साधावा लागतो. धुक्यात ते जमणार कसं? डूलिटल यांनी ही पायरीच काढून टाकली. दोनशे फुटांवर यायचं, इंजिन ठरलेल्या शक्तीवर ठेवायचं, वेग ताशी साठ मैल, आणि त्याच उताराने विमान सरळ जमिनीला टेकू द्यायचं. धक्का बसेल, बसू दे. 'एनवाय-२'ची चाकं तेवढी दणकट होती. कौशल्य असलेल्या माणसाला अशी पायरी सोडणं कमीपणाचं वाटलं असतं. पण पैजा मारणाऱ्या डूलिटल यांनी ते केलं, कारण त्या क्षणी पायलटच्या डोक्यात आणखी एका निर्णयाला जागा नव्हती.

आणि मग सराव. हा क्रम लक्षात घ्या. आधी ओझं उतरवलं, मग सराव सुरू केला. उघड्या हवेत, सगळं दिसत असताना उपकरणांवर उडवायचं. मग कॉकपिटवर झाकण घालून. आधी सरळ, मग वळणं, मग उतरणं. पुढच्या कॉकपिटमध्ये केल्सी बसलेले, बाहेर बघत, वेळ आलीच तर विमान हातात घ्यायला तयार. असे शेकडो वेळा. हळूहळू नजरेची एक लय बसते. आजही पायलटना हेच शिकवतात: क्षितिजावरून एका तबकडीकडे, परत क्षितिजाकडे, मग दुसरीकडे. कुठेही रेंगाळायचं नाही. सुरुवातीला प्रत्येक नजर ठरवून टाकावी लागते. लय बसली की डोकं पुढच्या वळणाचा विचार करायला मोकळं होतं.

२४ सप्टेंबर १९२९. सकाळी मिचेल फील्डवर दाट धुकं उतरलं. डूलिटल यांनी आधी एकट्याने, खऱ्या धुक्यात, एक फेरी मारून विमान उतरवलं. थोड्या वेळाने हॅरी गुगेनहाइम वगैरे मंडळी जमली आणि अधिकृत उड्डाण ठरलं. धुकं तोवर विरळ होत चाललेलं, त्यामुळे मागच्या कॉकपिटवर झाकण आणि पुढे केल्सी, अशी व्यवस्था झाली. आकाशात दुसरं विमान आडवं आलं तर कोणीतरी बघणारं हवं होतं.

विमान पश्चिमेकडे उठलं. हजार फूट चढलं, काही मैल सरळ गेलं, डावीकडे पूर्ण वळून मैदानावरून परत गेलं, पुन्हा वळलं. सगळा वेळ केल्सी यांनी आपले दोन्ही हात बाहेर दिसतील असे वर ठेवले होते, म्हणजे खालच्यांना कळावं की विमान तेच चालवताहेत जे झाकणाखाली बसलेत. दोनशे फुटांवर आले, मैदानाची कड ओलांडल्याची खूण मिळाली, आणि ठरलेल्या उताराने चाकं टेकली. पंधरा मिनिटं. जमिनीपासून जमिनीपर्यंत फक्त उपकरणांवर झालेलं हे पहिलं उड्डाण मानलं जातं. स्वतः डूलिटल त्यावर फारसे खूश नव्हते. इतक्या सरावानंतरही उड्डाण आणि उतरणं जरा गबाळंच झालं, असं त्यांचं मत होतं.

केल्सी यांच्या त्या वर धरलेल्या हातांबद्दल मी पुष्कळदा विचार करते. मदतीला बसलेल्या माणसाने हात न लावणं हेसुद्धा कामच आहे. मुलांचा गृहपाठ घ्यायला बसणाऱ्या पालकांना ते किती अवघड जातं, ते मी सांगायला नको.

उपकरणं आली म्हणून प्रश्न सुटला असं मात्र झालं नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सरकारने टपाल नेण्याचं काम खासगी कंपन्यांकडून काढून सैन्याच्या पायलटना दिलं. हिवाळा, रात्र, आणि उपकरणांवर उडण्याचा पुरेसा सराव नाही. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले. चौकशीसाठी नेमलेल्या समितीत डूलिटलही होते. त्याच वर्षी सैन्याने एडविन लिंक यांच्याकडून सहा 'लिंक ट्रेनर' घेतले. लिंक यांच्या वडिलांचा बाजाचे पियानो-ऑर्गन बनवायचा कारखाना. तिथल्या भात्यांची हवा वापरून लिंक यांनी जमिनीवरच डुलणारं, वळणारं, झाकणबंद छोटं विमान बनवलं होतं. त्यात चूक केली तर फक्त शिक्षकाचं बोलणं खावं लागायचं. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या डब्यात बसून शिकले.

डूलिटल यांनी १९३० साली सैन्यातली पूर्णवेळ नोकरी सोडून शेल कंपनीत काम धरलं आणि विमानांसाठी १०० ऑक्टेन इंधनाचा पाठपुरावा केला. त्यात कंपनीचे बरेच पैसे आधी अडकले, पण युद्धात तेच इंधन उपयोगी पडलं. १९३२ साली 'जी बी' नावाच्या, अनेक पायलटचा जीव घेतलेल्या विमानात थॉम्प्सन ट्रॉफी जिंकली, आणि त्यानंतर शर्यती सोडल्या.

१८ एप्रिल १९४२ ला हॉर्नेट या जहाजावरून सोळा बी-२५ विमानं आणि ऐंशी माणसं घेऊन ते जपानकडे निघाले. जपानी बोटीच्या नजरेस पडल्यामुळे ठरल्यापेक्षा कितीतरी लांबूनच उडावं लागलं. बॉम्ब टाकून चीनकडे पोचेपर्यंत रात्र, पाऊस आणि ढग. खाली काहीच दिसेना. इंधन संपेपर्यंत डूलिटल उपकरणांवर उडत राहिले आणि मग सगळ्यांनी पॅराशूटने उड्या मारल्या. स्वतः ते शेणखताच्या घाणीने भरलेल्या भातखाचरात पडले. सगळी विमानं गेली म्हणून आपल्यावर खटला चालेल असं त्यांना वाटत होतं, मिळालं ते देशाचं सर्वोच्च शौर्यपदक. या हल्ल्याची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. पकडलेल्या वैमानिकांपैकी तिघांना जपान्यांनी ठार केलं, आणि अमेरिकन पायलटना आसरा दिला म्हणून चीनच्या त्या भागात जपानी सैन्याने हजारो सामान्य माणसं मारली. पदक देताना त्या माणसांचा उल्लेख फार कमी वेळा होतो.

पुढे ते इंग्लंडमधल्या आठव्या हवाई दलाचे प्रमुख झाले, युद्धानंतर शेलमध्ये परतले. जोसेफिन यांचं निधन १९८८ साली २४ डिसेंबरला झालं, म्हणजे लग्नाच्या एकाहत्तराव्या वाढदिवशी. २७ सप्टेंबर १९९३ ला डूलिटल गेले, तेव्हा ते शहाण्णव वर्षांचे होते. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत दोघं शेजारी आहेत.

जोसेफिन यांची एक सवय होती. घरी जेवायला आलेल्या पाहुण्यांना त्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर पेन्सिलने सही करायला लावायच्या आणि नंतर ती सही काळ्या दोऱ्याने भरून घ्यायच्या. अशा पाचशेहून जास्त सह्या त्या कापडावर जमल्या, आणि विमानविद्येतली त्या काळची बहुतेक मोठी माणसं त्यात सापडतात.